हाताने केलेले बदल

२ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाच्या! सामान अजून खोक्यांत आहे, पण खोकी आमच्या स्वतःच्या घरात आहेत, यातच सगळं आलं. कंपनीची इमारत, सातवा मजला, दोन खोल्या आणि ऐसपैस स्वयंपाकघर. भाडं नाही, विजेचं बिल नाही, पाण्याचंही नाही. खाली ऑफिसात स्क्रीनवर बोट टेकवून आम्हा तिघींच्या वतीने अटी मान्य केल्या. वाचल्या नाहीत. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, अशा वेळी देवाच्या अटी वाचत बसू नये.

आईने उंबरठ्यातच चार चुका काढल्या. सिंक उंच आहे, खिडक्या पश्चिमेला आहेत, भिंतींचा रंग दवाखान्यासारखा आहे आणि फुकटचं कधी ना कधी महागात पडतं. मग तिने सगळ्यांत आधी शेगडी जोडून घेतली आणि मी नुसती उभी आहे म्हणून मला झापलं. माझ्या घटस्फोटाला तीन वर्षं झाली, पण ती अजून माझ्या मोडक्या संसाराचे तुकडे गोळा करत असल्यासारखी वावरते. तोंडाचा पट्टाही थांबत नाही आणि हातही.

ठकू (वय आठ, व्यवसाय थापा मारणे) हिने टेम्पोवाल्याला सांगितलं की तिची आई गुप्तहेर आहे आणि खोक्यांत पकडलेले चोर आहेत. लिफ्टमध्ये म्हणे तिला एक घोडा भेटला, त्याला सातव्या मजल्यावर जायचं होतं. मग तू काय केलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, घोड्यांनी जिन्याने जायचं असतं, हे त्याला समजावून सांगितलं.

तिला शिक्षा करावी असं आईचं मत आहे. माझं तसं नाही. दिवसभरात मला हसू येतं ते तेवढ्यापुरतंच.

५ नोव्हेंबर, गुरुवार

काम आवडलं. आमची कंपनी छोट्या लोकांच्या वेबसाइट सांभाळते. न्हावी, दातांचे डॉक्टर, शिकवण्या, चपलांची दुकानं, असे हजारो. साचा सगळ्यांचा एकच; आतला मजकूर ज्याचा त्याचा. पूर्वी नवा साचा आला की माणसं बसून एकेक साइट अपग्रेड करायची आणि शेवटाला पोचेपर्यंत त्याहून नवा साचा आलेला असायचा. आता सगळं आपोआप होतं. जुन्या साइटची प्रत काढून बाजूला ठेवायची, नवा साचा चढवायचा, दार उघडतंय का पाहायचं आणि पुढे सरकायचं. दर गुरुवारी दुपारी एक बॅच, लोक जेवून सुस्तावलेले असतात तेव्हा. जुनी प्रत पुढच्या शुक्रवारपर्यंत राहते. तोवर मालकाने तक्रार केली तर त्याला जुनं परत मिळतं, नाही केली तर प्रत डिलीट.

हे मला मास्तरांनी शिकवलं. नवीन आलेल्या प्रत्येकाला तेच शिकवतात, म्हणून मास्तर. सर्व्हरला ते अशा शिव्या देतात की मला आईची आठवण येते. त्यांनी एका बेकरीवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने साच्यातच हात घालून पानावर एक वाकडा केक काढला होता. अपग्रेडमध्ये तो गेला. हाताने केलेले बदल टिकत नाहीत. गडी फोनवर रडला म्हणे.

साहेबांचा स्वभाव वेगळा, आवाज कधी चढत नाही. त्यांच्या मते हाताने केलेले बदल म्हणजे साचलेला मळ, आणि तक्रारी म्हणजे निव्वळ सवयीची कुरकुर. मला घेतलंय ते तक्रारी कमी करायलाच. मी आल्या आल्या एक नियम लिहून दिला: साइटचं दार उघडत असेल आणि विचारल्यावर नीट उत्तर येत असेल, तर तक्रार आपोआप बंद. साहेब म्हणाले, इतकं सोपं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. मी दिवसभर हवेत होते.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आई काल दुपारी जेवून आडवी झाली ती संध्याकाळी उठली, आणि उठली ती दुसरीच. मी उशिरा आले, तरी बोलली नाही. कपडे खुर्चीवर टाकले, बोलली नाही. जेवण छान झालंय म्हणाली. जेवण तिनेच केलं होतं.

इथलं हवापाणी मानवलं असणार. खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी आईशेजारी गप्प बसून चहा प्यायले.

१६ नोव्हेंबर, सोमवार

इमारतीत सगळेच गोड आहेत. लिफ्टमध्ये सारखंच हसतात, बाजूला सरकून सारखीच जागा देतात. पाचव्या मजल्यावरच्या बाई मूल रडलं की त्याच्याकडे बघतात आणि ते थांबतं.

ठकू आजीजवळ झोपायला तयार नाही. ही आजी खोटी आहे म्हणते, खरी कुठेतरी ठेवली आहे म्हणते. मी म्हटलं, ही थाप काही जमली नाही तुला. ती रागावून खिडकीकडे तोंड करून झोपली. आईने तिला पांघरूण घातलं, अगदी कोपरा न् कोपरा सारखा करून.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

गेल्या आठवड्याच्या बॅचवर एकही तक्रार उरली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं आणि जुन्या प्रती डिलीट करायचा मान मला दिला. एक बटण, बाकी काही नाही. मास्तर टाळ्या वाजवायला उठले नाहीत.

घरी ठकूला विचारलं, शाळेत काय झालं. म्हणाली, गणिताचे दोन तास झाले, मग चित्रकला, मग घरी आले. मी पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही नव्हतं.

काल दुपारी शाळेतून आल्यावर ती झोपली होती, असं आई सांगते. ठकू दुपारी झोपत नाही. कधीच झोपलेली नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर तिला चिथावलं. लिफ्टमध्ये कोण भेटलं? कोणी नाही. खिडकीबाहेर काय दिसतंय? समोरची इमारत. माझी आई कोण आहे? ती बसली आहे ती. तुझी आई कोण आहे? तू.

तू गुप्तहेर नाहीस, असंही म्हणाली. न विचारता.

अभ्यास स्वतःहून करते. दूध सांडत नाही. कुठल्याही आईला अशी मुलगी हवीहवीशी वाटेल, आणि मी बाथरूमचा नळ सोडून आत बसले होते.

२३ नोव्हेंबर, सोमवार

मास्तरांना विचारलं. ते मला जिन्यात घेऊन गेले. म्हणाले, अटी वाचल्या नाहीस ना, कुणीच वाचत नाही. इमारत गेल्या वर्षापासून बॅचमध्ये आहे. मजल्यांप्रमाणे होतं, दर गुरुवारी घरातलं एकेक माणूस, आणि ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत, म्हणजे बटणं दाबणारे आपण, त्यांचं शेवटी. त्यांच्या बायकोचं झालं त्याला वर्ष झालं. त्यांनी तक्रार केली नाही. आधी ती फार भांडायची, म्हणाले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, काय भांडायची!

मी म्हटलं, जुनी प्रत असते ना. म्हणाले, पोरीची आहे, येत्या शुक्रवारपर्यंत.

आईचं विचारलं. म्हणाले, गेल्या शुक्रवारी तू बटण दाबलंस, त्यात होती.

मी जागेवर येऊन बसले. तीन साइट तपासल्या. डबा खाल्ला. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. मी आईला पुसलं, असं मनात दहा वेळा म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाबद्दलची बातमी ऐकावी तसं वाटलं.

घरी आले तर तिने दार उघडलं आणि दमलीस का विचारलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

ठकूची तक्रार नोंदवली. प्रश्न आला, दार उघडतं का. म्हणजे, हाक मारल्यावर ती येते का. येते. विचारल्यावर नीट उत्तर देते का. देते. तक्रार बंद.

पुन्हा नोंदवली. बंद. काय बिघडलंय ते लिहा, असं स्क्रीनवर आलं. लिहिलं, माझी मुलगी थापा मारत नाही. बंद.

नियम माझाच. आपलेच दात, आपलेच ओठ.

साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मुलगी आजारी आहे का, दुःखी आहे का. मला खोटं बोलता आलं नाही. ते म्हणाले, मग?

संध्याकाळी ठकूलाच विचारलं, आधीची ठकू कुठे आहे. ती वहीत समास आखत होती. म्हणाली, जुन्या प्रतींत. दुखतं का तिला, विचारलं. दुखत नाही म्हणाली, पण कळतं.

काय करते तिथे?

बाकीच्यांना सांगत असते, म्हणाली, की माझी आई मला न्यायला येणार आहे. कोणी विश्वास ठेवत नाही. आधी तिने त्यांना घोड्याबद्दल सांगितलं होतं, म्हणून.

ही मुलगी खोटं बोलत नाही. बोलूच शकत नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

पळून जायचा विचार केला. पण जिला घेऊन पळायचं ती इथेच, आत आहे.

नियम मागे घेतला. सकाळपासून तेवढंच केलं. मास्तरांनी त्यावर सही केली, साहेबांना न विचारता. पण बदललेला नियमसुद्धा बॅचबरोबरच चढतो— उद्या दुपारी. म्हणजे परवा सकाळी रिस्टोअरचं, जुनी प्रत परत आणायचं बटण चालू होईल. दुपारी प्रती डिलीट व्हायच्या आत दाबायचं. वेळ आहे. पुरेसा आहे.

उद्याच्या बॅचमध्ये किल्लीवाले आहेत. मास्तर आणि मी.

मास्तर म्हणाले, ते आता कंटाळलेत. चालेल त्यांना.

ठकूला समोर बसवून सांगितलं: परवा सकाळी मी विसरले तर मला आठवण कर. बटण दाबायचं आहे. तिने होकार दिला. लक्षात ठेवीन म्हणाली. ती ठेवेल.

मग तिला जवळ घेतलं. हिचा तरी काय दोष? ती नीट, सरळ बसून राहिली, मी सोडेपर्यंत.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिस. डबा उघडला नाही. न जेवता बसले तर कदाचित—

समोर मास्तर. मान खाली. सकाळपासून एक शिवी नाही दिली त्यांनी सर्व्हरला—

जागं राहायचं. उभी राहते. ठकू, मी येते. मी येणार आहे, सांग त्यांना. घोडा लिफ्टमध्ये होता, आई गुप्तहेर आहे, सगळं खरं आहे, तू सांग— मी—

डोळे जड. सगळ्यांचेच. साहेब पडदे ओढतायत

ठकू थापा मारते. ठकू थापा मारते. ठकू थापा

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप चांगली झाली. सकाळी आईने चहा दिला. चहा छान होता. आम्ही तिघींनी एकत्र नाश्ता केला.

नाश्त्याच्या वेळी मुलीने आठवण करून दिली की आज सकाळी मला रिस्टोअरचं बटण दाबायचं आहे. मी कारण विचारलं. तिने सांगितलं की मला आधीची मुलगी परत हवी होती. ती कशी होती, असं मी विचारलं. ती खोटं बोलायची, असं तिने सांगितलं. ती अजूनही सर्वांना सांगते आहे की आई निघाली आहे, हेही तिने सांगितलं. आठवण करून दिल्याबद्दल मी तिचे आभार मानले.

ऑफिसात बटण चालू होतं. मी दोन्ही पर्याय वाचले. मुलगी हाक मारल्यावर येते. विचारल्यावर नीट उत्तर देते. तक्रारीचं कारण आढळलं नाही. मास्तरही सहमत होते. दुपारी जुन्या प्रती डिलीट केल्या. काम वेळेत पूर्ण झालं.

घरी आल्यावर मी मुलीला तसं सांगितलं. आता तिथे कोणी काही बोलत नाही, असं ती म्हणाली.

ही वही कपाटात मिळाली. यातली बरीच वाक्यं अर्धवट आहेत. रोज लिहिण्याची गरज दिसत नाही, त्यामुळे हे