निजामाच्या मुलखातलं माहेर

मंगळवार, संध्याकाळ

तिसगावच्या हमीदाबींची बातमी वेळेत दिली, तरी मन थाऱ्यावर नाही. मतदार पडताळणीला आलेल्या तरुणाने जन्मगाव विचारलं आणि ऐंशी ओलांडलेल्या हमीदाबी जुन्या सवयीने म्हणाल्या, "निजामाच्या मुलखात." त्याने परदेश समजून नागरिकत्वाचा पुरावा मागितला, नाहीतर यादीतून नाव जाणार. अन् माहेर कुठं, तर घाटापलीकडे, बीडकडे!

"अम्मा, बीड म्हनायचं ना!" त्यांचा मुलगा चिडला.

"तवा बीड निजामाचंच हुतं. मी कुठं हालले? राज्य बदललं."

निजामाचा मुलूख. एवढ्या शब्दांवर आयुष्यभराचं मतदान अडावं?

मी निघताना मुलगा त्यांच्याकडून पुढच्या चौकशीसाठी उत्तरं घोकून घेत होता. "जन्म कुठला?"

"भारत," त्या म्हणाल्या. मग हळूच मला विचारलं, "भाऊ, खोटं बोलल्याचं पाप लागंल का?"