सहीखालची दुहेरी रेघ

ल्यों, ३ नोव्हेंबर १८५३

ती. अन्सेल्मदादास क्लेमांसचा सा. न. वि. वि.

तुला हद्दपार केलं त्या सकाळी आई काय म्हणाली होती, आठवतं? मान खाली घालून यायचं असेल तर येऊच नकोस. दोन वर्षं झाली. आता जिन्यावर पाऊल वाजलं की तीच विचारते, अन्सेल्म का? छाती भरलीये तिची. डॉक्टर म्हणतात, वसंत काही दिसायचा नाही. तुझ्या हातमागावर तिनं अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

कचेरीतला कारकून म्हणतो, माफीच्या अर्जाला एक ओळ पुरे: चूक झाली, सम्राटांशी एकनिष्ठ राहीन. शाळेत तुझ्या शिक्षेच्या शंभर शंभर ओळी मी लिहून द्यायचे, खाली तुझी सही ठोकून. तू मला एकच ओळ दे.

तुझी वाट पाहणारी,
क्लेमांस

जर्सी बेट, २६ नोव्हेंबर

चि. क्लेमांस हिस अ. उ. आ.

मोजे पोचले. एक गुडघ्यापर्यंत येतो, दुसरा घोट्याशीच थांबतो. विणकरांच्या घरातली ना गं तू?

रविवारी म्हाताऱ्या बोदांला पुरलं. आम्हा हद्दपारांची रीत अशी, की पुढे लाल निशाण, मागे आम्ही सगळे, आणि कबरीपाशी पाद्र्याऐवजी आमच्यातलाच कुणी बोलतो. बोदांला धड कोट नव्हता, पण त्याच्यामागे शंभरावर माणसं चालली. जो सम्राटाची माफी मागतो त्याचं नाव आमच्या सभेत वाचून यादीतून खोडतात. त्याच्यामागे कुणी चालत नाही. माझ्याजवळ इथं तेवढंच आहे. आईला सांग, मान ताठ आहे. ती समजेल.

माया आहे तशी राहू दे.
अन्सेल्म

जर्सी बेट, १५ जानेवारी १८५४

क्लेमांस,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. माफीची यादी वर्तमानपत्रात आली. तीत माझं नाव आहे. इथल्या फ्रेंच वकिलातीत जाऊन ल्योंहून आलेला अर्ज पाहिला. सहीखाली दुहेरी रेघ आहे. ती मी मागावर बसायला लागलो तेव्हाच सोडली होती. शाळेतली सही आठवणारं माणूस जगात एकच आहे.

काल सभेत विचारलं, तू नाही केलीस तर कुणी केली? तिथं पोलिसांचे हेर असतात. तुझं नाव घेतलं असतं तर खोट्या सहीपायी तुला तुरुंगात नेलं असतं. माझं नाव खोडलं. दर शनिवारी माझी दाढी करणारा गास्पार तोंड फिरवून निघून गेला.

आता तिकडेही येता येत नाही. आलो तर सही माझीच ठरेल.

अन्सेल्म

ल्यों, ६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

हो, मीच. तू आलास की आई बरी होईल, मग तुझ्या शिव्या खाऊ, एवढंच डोक्यात होतं. माफी आल्याचं तिला मीच नाचत जाऊन सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. सही माझी आहे, असं शपथेवर सांगितलं, तर म्हणाली, भावाला पाठीशी घालू नकोस. दुसऱ्या दिवशी तुझा माग विकायला लावला. मंगळवारी गेली. तुझं नाव घेतलं नाही.

सोबतच्या कागदावर सगळं लिहून खाली माझी स्वतःची सही केली आहे. तो सभेत वाच. नेतील तर नेऊ देत, माझ्या मागे आता घरात कुणी नाही. तू तो शेगडीत टाकशील, ओळखून आहे मी तुला.

लोभ मागत नाही, दादा. तेवढं वाच.

क्लेमांस