न फिरलेला मीटर

सांगली, मंगळवार संध्याकाळ

महापालिकेच्या संगणकानं नाकारलेले अर्ज पुन्हा तपासायचं काम माझ्याकडे. आज मूळच्या आटपाडीकडच्या, आता इथं शहराच्या कडेला घर असलेल्या मेंढपाळ बाई आल्या. नळजोड नाकारला, कारण विजेचा मीटर दिवाळीपासून फिरला नाही, म्हणजे घरात कुणी राहत नाही.

"आवं सायेब, आमी मेंढरांमागं गेलतो. कुलूप घातलं म्हंजी घर सोडलं व्हय?"

नळ द्यावा, असा शेरा मी लिहिला. आमचे वरचे साहेब म्हणाले, "संगणक भेदभाव करत नाही." मी म्हटलं, मेंढरं कुठं चरायला जातात, हे त्याला कुणी सांगितलंय का? शेरा मागे घेतला नाही. मग दुपारी डबा खाताना ऑफिसातलं शेजारी कुणी बसलं नाही.

तो मीटर डोक्यातून जात नाही. बायको गेल्यापासून माझाही जेमतेम फिरतो. उद्या संगणक म्हणेल, इथं कुणी राहत नाही. मग त्यावर मी काय शेरा लिहिणार?