अक्काच्या नावापुढची खूण

सोम., ३ फेब्रु.
ऑफिसचा व्हीआर हेडसेट घरी आणला. घरच्यांवर चाचणी करून आवाजासकट रेकॉर्डिंग द्यायचंय. अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मला आपलं खिडकीबाहेरचं बनशंकरीच पुरे." त्यांची थोरली बहीण, माझी आत्या पण माझीही अक्काच, लगेच तयार. आत तळं, पायऱ्या, झाडं. वीस मिनिटं हलली नाही. तेवढ्यात मी कुकर लावला.
तिचा संमतीचा फॉर्म भरून पाठवला.

बुध., ५
रेकॉर्डिंग ऐकून नावं-पत्ते पुसायचे, हे माझं काम. आज तिसरं अक्काचंच निघालं. तळ्याकाठी आपण एकट्याच, असं समजून ती यजमानांशी बोलत होती. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. काय बोलली ते इथे लिहीत नाही. मिनिटभर ऐकलं, तेही नको होतं.
फॉर्म पाहिला. 'मला सर्व समजावून सांगितले आहे', पुढे खूण. माझी. गॅस, बँक, दवाखाना, तिचं सगळं मीच भरते. हाताला सवय.

गुरु., ६
चौथीपर्यंत मला अक्कानं घरीच शिकवलं. शेजाऱ्यांचं पोस्टकार्ड चुकून आमच्याकडे आलं, तर मजकूर वाचला जाऊ नये म्हणून उलटं धरून देऊन यायला लावायची.
टीमलीड शिल्पाला विचारलं. रेकॉर्डिंग काढून टाकायचं तर खूण मी केली असं लेखी द्यावं लागेल, तेही सोमवारपर्यंत. नंतर निघत नाही. "घरचीच आहे ना? स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, घे थोडं सांभाळून. सोमवारीच तुझं कन्फर्मेशन आहे."


शनि., ८
सांगितलं. अक्का अवरेच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत होती.
"कुणी ऐकलं?"
"मी. एक मिनिट. पुढे कोण ऐकेल, माहीत नाही."
तिनं शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग म्हणाली, "तू मला कधी विचारतेस गं? गॅसचंही नाही."
मी गॅसची माफी मागितली. तेव्हा हसली.
अण्णा आतून, "सोमवारी तिची नोकरी पक्की व्हायचीय, अक्का!"
"सरी, ठीक आहे. आधी मला ऐकू दे, मी काय बोलले ते."

रवि., ९
हेडसेटमध्ये प्रत होती. लावून दिली आणि गच्चीवर गेले. वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर घातले.
खाली आले तर डोळे पुसून बसलेली. कोरा इंग्रजी फॉर्म मराठीत सांगत वाचून दाखवला. पहिल्यांदाच.
"तिसरा पक्ष म्हणजे कोण?"
"मलाही नीट माहीत नाही."
"मग मला काय समजावतेस?"
अण्णा म्हणाले, "आण, मी करतो खूण."
"तू गप्प बस."
फॉर्म तिनं शेंगांच्या परातीखाली ठेवलाय. उद्या मी ऑफिसला जायला इलेक्ट्रॉनिक सिटीची बस पकडायच्या आत, हो की नाही ते ती सांगणार आहे. ती हो म्हणाली, तरी पहिली खूण माझीच. तेवढं लिहून बॅगेत ठेवलं. शिल्पाला देईन का, ठाऊक नाही.
फॉर्मबरोबर दिलेलं पेन अक्काकडे परत मागायला गेले. दिलं नाही.