मॅट्रिक कंपाउंडर

३ एप्रिल १९३४
मुंबईहून चौथा नकार. औषधांच्या कारखान्याला विलायतेहून शिकून आलेला माणूस हवा! अबकारी खात्याला वशिला हवा, शाळेला बी.टी. हवी. कुड्याच्या सालीतून आवेवरचं औषध काढण्यात दोन वर्षं घातली, एम.एस्सी. झालो — आणि इथे हेदवीत आई शेजारणीला सांगते, "सदू अजून शिकतोय." खोटं बोलताना तिची मान खाली जाते. बघवत नाही.

११ एप्रिल
चिपळुणात डॉक्टर खातूंकडे कंपाउंडर म्हणून लागलो. शिक्षण मॅट्रिक सांगितलं. खरं सांगतो तर दारातूनच परत — आपल्यापेक्षा जास्त शिकलेला नोकर कोणाला हवा? फार लाज वाटली.

२ मे
दिवसभर बाटल्या. माणसं घरून आणतात — घासलेटाच्या, खोबरेलाच्या, काय वाटेल त्या. त्या विसळायच्या, मिश्रण भरायचं, कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा चिकटवायच्या. "हात बसला हो तुझा!" डॉक्टर म्हणाले. खूश व्हावं की रडावं?

१९ मे
आज फार गर्दी. सावर्ड्याची येसूबाई आली होती. नवरा दादू खलाशी. बोटीवरून परत आला तो अशक्त, रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी ताकदीला कुचल्याचा अर्क आणि झोपेला ब्रोमाइड लिहिलं — एकाच बाटलीत! दोन्ही एकत्र आली की कुचल्याचं विष हळूहळू तळाशी बसतं. वरचे डोस निरुपद्रवी, शेवटचा जहर.
आत जाऊन म्हटलं, "दोन बाटल्या करू का?"
"का?"
कारण सांगतो तर पुढचा प्रश्न — मॅट्रिकला हे कुठे शिकवतात? म्हणालो, "सहज."
"सहज काय! भर एका बाटलीत."
भरली. पट्टीवर लिहिलं, 'बाटली हलवून घेणे'. तोंडाने सांगायचं राहिलं. मागे तीस माणसं खोळंबली होती.

२० मे
येसूबाईला वाचता येतं का? विचारलंच नाही.

२१ मे
सावर्ड्याला जाऊन येतो म्हटलं. "आत्ता लागलास आणि रजा?" रविवारी जाईन.

२३ मे
दादू गेला.
सकाळी दातखीळ बसली, अंग ताठलं, तासाभरात संपला. येसूबाई रिकामी बाटली घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. "येवडा लांबसून आनलेला औषद, टाकायचा कसा? बाटलीत पानी घातला, खळबळवला नि येकदम पाजला. माजा काय चुकला?"
काही चुकलं नाही, बाई. आपल्याकडे घरोघर असंच करतात. माझी आईही करते. मला ठाऊक होतं! वरचे डोस तिने न हलवता दिले, आणि तळाचं सगळं धुऊन पाजलं.

२४ मे
डॉक्टरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "औषध ठीकच होतं. घरी बाई काय पाजते, आपल्याला काय माहीत? फौजदार विचारतील. तू मॅट्रिक, तुला काय कळणार — तेवढंच सांग."
मान हलवली. थू माझ्यावर.

२६ मे
गावात कुजबुज — नवरा बोटीवर असताना हिचं कोणाशी तरी होतं, तिनेच विष घातलं. येसूबाईला कालपासून चौकीवर बसवून ठेवलंय. आज बाजारातून जाताना मला चौकीच्या दारात बसलेली दिसली. तिने मला नमस्कार केला.

२७ मे
चौकीतल्या बाकावर बसून लिहितो आहे. फौजदारांनी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, "एम.एस्सी." त्यांनी दोनदा विचारून नीट लिहून घेतलं — आजवर दुसऱ्या कोणीच लिहून घेतलं नव्हतं. मग म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"
"होतं."
येसूबाईला घरी सोडलं. मला उद्या रत्नागिरीला नेतात.