जबडा बांधलाय, पण आपण जिंकलो

प्रिय आई,
तुले अन् बाबाले लांबून जय भीम.

मी बरी आहो. जबड्याले तार बांधली, म्हणून फोनवर बोलता येत नाई. आमची कॅप्टन उद्या भारतात परत येऊन राह्यली, तिच्याजवळ हे पत्र देतो.

टीव्हीवर रक्त दिसलं असन. ते ओठाचं होतं. ओठातून तसंही लई रक्त येते.

झालं असं, आपल्या पोरींची ज्युनिअर फुटबॉल टीम या देशात आजवर कधीच जिंकली नव्हती. आम्ही एका गोलनं पुढं होतो, मॅच संपत आलती. बॉल छातीशी धरून मी गोलपुढं आडवी पडलतो. तरी त्यांच्या फॉरवर्डनं तोंडावर लाथ हाणली. हाड मोडल्याचा आवाज मले आला.

मंग दोन्हीकडच्या पोरी एकमेकींवर तुटून पडल्या. आमच्या टीममधल्या मणिपूरच्या लिंथोईले केस धरून फरफटत नेलं. वर बसलेल्या लोकांकडून बाटल्या, खुर्च्या येऊन राह्यल्या होत्या.

"बॉल सोड!" आमच्या टीमचे डॉक्टर ओरडले.

मी सोडला नाई. मॅच संपल्याची शिट्टी कुठं वाजलती?

आता सूप पितो. तुह्या हातची आंबील आठवते. बाबाची शुगर कमी झाली का? सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं का? झोपेत मी दचकतो, पण ते दचकणं जाईन, असं डॉक्टर म्हणतात.

बाबाले मॅचचा व्हिडिओ दाखवू नोको. दाखवलाच, तर अर्ध्यात बंद करू नोको. शेवटी आम्ही साऱ्या नाचून राह्यलो, ते त्याईले दिसू दे.

तुही,
पौर्णिमा