गाळलेल्या ओळी

निंबाभाऊ,

त्या सकाळी मी ओटा सारवत होते. सुरतेकडच्या बंदरावरून तुमच्या दादांचं पत्र आलं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हीच ते उभ्याउभ्या वाचलं. "बठ्ठं चांगलं शे, वहिनी. दादा मासा खाईसन जाडा व्हयना." मी हसले. पाचव्या दिवशी होडी त्यांच्यासकट बुडाल्याची तार आली.

पुढे आपल्या सुपडूच्या, माझ्या लेकाच्या, शाळेच्या पुस्तकांवरून मी अक्षरं शिकले आणि तेच पत्र पहिलं वाचलं. त्यात होतं, "वारा पडलाय, तरी आखातात लाटा उंच येतात. पाणी गढूळ आहे, मासळी आपण होऊन काठाला लागते. म्हातारे खारवे कोळी वादळाच्या भीतीने होड्या वाळूवर ओढताहेत. मालक म्हणतो, काठाकाठानेच जायचं, इंजिनाला तूच पाहिजे. तू म्हणशील तर परत येतो."

या ओळी का गाळल्या, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही मान खाली घातली. "तुमले घाबराडानं नव्हतं, वहिनी." मी तुम्हाला बोल लावला नाही.

काल सुपडूचं पत्र आलं. तो त्याच बंदरावर, बापाच्याच कामाला आहे. त्यानेही लिहिलंय की वारा पडलाय आणि मासळी काठाला लागतेय. परत येऊ का, असं मात्र त्याने विचारलेलं नाही. पत्रावरची तारीख तीन दिवसांपूर्वीची आहे.

धुळ्याहून तुम्हीच जाऊन त्याला आणा, असं लिहायला मी बसले होते. पण तिथे काय दिसलं, ते तुम्ही मला सांगणार नाही. म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकलं नाही. आता सुपडूला आणायला मीच दोंडाईच्याला येऊन सुरतेच्या गाडीत बसलेय; या ओळी गाडीतच लिहितेय.

तुमची वहिनी,
सुंदरबाई